धूसर केलेले जंगल

वन्यप्राण्यांची छायाचित्रे म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चौकट उभी राहते. चौकटभर वाघाचा चेहरा, डोळे लख्ख, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. आणि मागे काय? मागे काहीच नाही. हिरवट-पिवळा, लोण्यासारखा मऊ पडदा. दिनदर्शिकेवर, वहीच्या मुखपृष्ठावर आणि आता मोबाइलवरही हेच चित्र. असे चित्र मिळवायला कष्ट पडतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या मऊ पडद्याने काय झाकले, हा प्रश्न निदान विज्ञान शिकवणाऱ्याने तरी विचारायला हवा.

वाघाचेच पाहा. त्याच्या अंगावरचे उभे पट्टे वाळक्या उंच गवतात त्याची बाह्यरेषा मोडून टाकतात. वाघ कोठे संपला आणि गवत कोठे सुरू झाले हे कळत नाही. शिवाय हरणांसारख्या खुरांच्या प्राण्यांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे आपल्याला भडक वाटणारा नारिंगी रंग त्यांना गवताशी मिळताजुळता भासतो. म्हणजे वाघाच्या कातडीचा अर्थ गवतात आहे. गवत पुसून टाकले की उरतो एक सुंदर पण निरर्थक गालिचा. ‘एवढा भडक प्राणी लपतो कसा?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर छायाचित्रकाराने आधीच खोडून ठेवले आहे.

हे खोडणे घडते कसे, ते थोडक्यात पाहू. भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू खऱ्या अर्थाने स्पष्ट करते. त्याच्या पुढच्या-मागच्या वस्तूंच्या प्रत्येक बिंदूची चित्रात एक लहानशी चकती होते. चकती पुरेशी लहान असेल तर आपला डोळा तिला बिंदूच समजतो. मोठी झाली की धूसरपणा जाणवतो. भिंगापुढचे छिद्र जितके मोठे, तितकी चकती मोठी. वर्गात हे दाखवायला कॅमेरा लागत नाही. हातात धरायच्या मोठ्या भिंगाने खिडकीचे चित्र समोरच्या पांढऱ्या कागदावर पाडावे. खिडकीचे गज स्पष्ट झाले की बाहेरचे झाड विरघळलेले दिसते. आता एक सेंटिमीटरचे भोक पाडलेला काळा कागद भिंगावर धरावा. चित्र मंद होते, पण गज आणि झाड दोन्ही ओळखू येऊ लागतात.

आता आकडे. पस्तीस मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा, ४०० मिलिमीटरचे दूरचे भिंग, छिद्राचा आकडा ४ आणि १० मीटरवर प्राणी, अशी जुळणी घेतली तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम १५ सेंटिमीटर खोलीचा असतो. वाघाने समोर पाहिले तर डोळा स्पष्ट, पण नाकाचे टोक आणि कान दोन्ही धूसर होऊ शकतात. छिद्र लहान करून आकडा १६ वर नेला तर पट्टा ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मात्र प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात होणारे काम मग तिसाव्या भागात करावे लागते आणि तेवढ्यात वाघ मान हलवतो. पहाटेच्या अंधुक उजेडात मंद फिल्म वापरणाऱ्याने छिद्र पूर्ण उघडले, तर ती त्याची गरज होती. धूसर पार्श्वभूमीची ही शैली कलेपेक्षा अडचणीतून अधिक जन्मली, असे आमचे मत आहे. आजचे डिजिटल कॅमेरे कितीतरी कमी उजेडात काम करतात. तरी पडदा तसाच राहिला. गरज संपली, सवय उरली!

मग चौकटीचे नेहमीचे नियम मोडणारे काय करतात? चौकटीचे तीन भाग कल्पून प्राणी एका रेघेवर ठेवा, डोळा स्पष्ट हवा, तोंडापुढे जागा सोडा, हे नियम नवख्याला उपयोगी आहेत, त्यांवर वेळ घालवत नाही. ते मोडण्याची एक जुनी परंपरा आपल्याच देशात आहे. संयुक्त प्रांतात वन अधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाघांच्या वाटेवर तारा ताणून ठेवल्या. तार दबली की कॅमेरा आणि प्रकाशझोत आपोआप चाले. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. या पद्धतीत चौकट आधी ठरते आणि प्राणी नंतर येतो. तो कोठे, कसा येईल हे तोच ठरवतो. त्यामुळे तो ऐटीत बसलेला नसतो. आपल्या कामाला निघालेला असतो.

या परंपरेतले अलीकडचे आणि आमच्या मते फार मोलाचे चित्र मुंबईचे आहे. नयन खानोलकर यांच्या बिबट्याच्या छायाचित्राला २०१६ साली लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली आरे वसाहत, रात्रीची वेळ, घरांमधली बोळ, आणि तिच्यातून जाणारा बिबट्या. वारली रहिवाशांना विश्वासात घेऊन, बोळीत रोज असतो तसाच उजेड वाटावा अशा बेताने दिवे लावून, त्यांनी बरेच आठवडे वाट पाहिली. महत्त्वाचे म्हणजे येणारा प्राणी चौकट व्यापून टाकणार नाही अशा बेताने त्यांनी कॅमेरा ठेवला होता.

हा निर्णय कलेचा आहे तसाच विज्ञानाचाही. बिबट्या मोठा दिसला असता तर चित्र ‘घरात शिरलेल्या श्वापदा’चे झाले असते, बातम्यांत नेहमी दिसते तसे. भिंती धूसर झाल्या असत्या तर ते कोणत्याही जंगलातले चित्र ठरले असते. येथे भिंत, वाट आणि जनावर तिन्ही सारख्याच हक्काने उभी आहेत. भटक्या कुत्र्यांवर पोट भरणारा आणि माणसाची चाहूल टाळत वावरणारा हा प्राणी कसा जगतो, याविषयीचे एक पूर्ण विधान या चौकटीत आहे. परिसंस्थेचा धडा शिकवताना खाणारा, खाल्ला जाणारा आणि जागा यांचे बाण फळ्यावर काढतो, तसे.

निक ब्रँट यांच्याबद्दल मात्र आमचे मत दुहेरी आहे. पूर्व आफ्रिकेतील हत्ती-सिंहांची त्यांची कृष्णधवल चित्रे ‘ऑन धिस अर्थ’ या पुस्तकात २००५ साली आली. दूरचे भिंग वापरायचे नाही, असा त्यांचा दंडक. मग प्राण्याजवळ जावे लागते, आणि प्राणी आपल्याला खपवून घेईपर्यंत थांबावे लागते. याचा फायदा म्हणजे चौकटीत आभाळ येते, कोरडी जमीन येते. अंबोसेलीचा हत्ती त्या मोकळ्या मैदानात किती एकटा आहे, हे एका नजरेत कळते. पण त्यांच्या काही चित्रांत धूसरपणा अंतराचा हिशेब पाळत नाही. एकाच अंतरावरची एक गोष्ट स्पष्ट, तर दुसरी विरलेली. भिंग कॅमेऱ्याशी किंचित तिरके झाले की स्पष्टतेचे प्रतलही कलते आणि असा परिणाम साधतो. परिणाम देखणा आहे, यात शंका नाही. मात्र त्याने प्राणी पुराणातल्यासारखा, काळाबाहेरचा होतो. त्याच मैदानात गुरे चारणारे मसाई, कुंपणे, रस्ते, आटत चाललेले पाणी हे सारे त्या धुक्यात जाते.

पुढे ब्रँट यांनीच याचे उत्तर दिले, असे आम्हांला वाटते. २०१६ सालच्या ‘इनहेरिट द डस्ट’मध्ये त्यांनी आपल्या जुन्या प्राणिचित्रांच्या खऱ्या आकाराच्या प्रती करून, ते प्राणी पूर्वी फिरत असत अशा जागी उभ्या केल्या आणि त्या जागांची छायाचित्रे घेतली. तेथे आता दगडाच्या खाणी, बांधकामे, कचऱ्याचे ढीग आहेत. म्हणजे एकेकाळी धूसर असलेली पार्श्वभूमी पुढे आली आणि हत्ती कागदाचा झाला. पहिल्या पुस्तकापेक्षा हे दुसरे आम्ही वर्गात आधी दाखवू.

धूसरपणा नेहमीच लपवतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. एर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकातच शटर मुद्दाम संथ ठेवून हालचालीच्या रेघा पकडल्या. १९७१ च्या ‘द क्रिएशन’ या पुस्तकात निसर्गाची त्यांची रंगीत चित्रे आहेत. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात गोठवले तर पिसे मोजता येतात. पण पंख फडफडतो कसा हे कळायला तो थोडा पुसटच हवा. तसेच, पुढच्या गवताची पाती धूसर ठेवून त्यांच्या फटीतून ससा दाखवला, तर आपण गवतात दबा धरून बसलो आहोत असे वाटते. शिकाऱ्याच्या नजरेचा धडा त्यात आहे. येथे धूसरपणा काहीतरी सांगतो. दिनदर्शिकेवरचा तो पडदा फक्त गप्प बसवतो.

वेगळी चौकट म्हणजे खरी चौकट, असेही नव्हे. २००९ साली याच लंडनच्या स्पर्धेत कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले आले. चौकट अपूर्व होती. पुढच्या जानेवारीत परीक्षकांनी तो लांडगा बहुधा माणसाळलेला असल्याचा निष्कर्ष काढून चित्र बाद केले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. लांडगा फाटक ओलांडून कळपाकडे जातो, हे त्या चौकटीचे विधान होते. ते खोटे असेल तर बाकीच्या देखणेपणाला काय किंमत? म्हणून चित्राखाली जागा, वेळ आणि पद्धत छापण्याचा आग्रह आम्ही धरतो.

शेवटी व्हँसाँ म्युनिए या फ्रेंच छायाचित्रकाराच्या एका चित्राविषयी. बर्फावर पांढरे लांडगे, धुक्यात जेमतेम दिसणारी कस्तुरी बैलाची पाठ, अशी बरीचशी रिकामी वाटणारी चित्रे ते काढतात. तिबेटच्या पठारावर हिमबिबट्याच्या शोधात असताना त्यांनी खडकावर बसलेल्या ससाण्याचे छायाचित्र घेतले. बऱ्याच काळाने ते चित्र न्याहाळताना त्यांच्या ध्यानात आले, की खडकाच्या कडेआडून एक हिमबिबट्या थेट त्यांच्याकडे पाहतो आहे. हा प्रसंग २०२१ च्या ‘ला पँथेर दे नेज’ या माहितीपटात आला आहे. मुलांना हे चित्र दाखवताना आधी फक्त ‘ससाणा पाहा’ एवढेच सांगावे. काही मिनिटे जातात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडते. खडकाची ती कड मोठ्या छिद्राने लोण्यासारखी विरघळवली असती, तर करडे ठिपके करड्या दगडात मिसळून गेले असते आणि पाहणाऱ्याला ससाणाच दिसत राहिला असता.