ऐहिक मानवतावादाचे चिन्ह : एक विचार

धर्मसंस्थांचा व्यवहार चिन्हांवाचून चालत नाही. तेव्हा पारलौकिकाचा आधार नाकारणाऱ्या मानवतावादास स्वतःचे चिन्ह हवेसे वाटावे, हेच मुळात थोडे नवलाचे होय. ‘हॅपी ह्यूमन’ या नावाने ओळखली जाणारी आकृती ब्रिटिश ह्यूमॅनिस्ट असोसिएशनने घेतलेल्या स्पर्धेतून १९६५ साली पुढे आली. तिचे कर्ते डेनिस बॅरिंग्टन. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने व देशोदेशींच्या अनेक संस्थांनी ती स्वीकारली.

आकृतीची रचना अत्यंत साधी आहे. वर उचललेले दोन हात, खाली दोन पाय आणि हातांच्या मधोमध वाटोळे मस्तक. हे सारे मिळून रोमन लिपीतील ‘एच्’ या अक्षराचा आभास होतो. मुद्रा नाही, वेष नाही, वंश वा लिंग सुचविणारी एकही रेषा नाही. लिओनार्दोचा प्रसिद्ध पुरुष वर्तुळ व चौकोन यांच्या मापात उभा आहे. या मानवाभोवती कसलीच चौकट नाही. अमेरिकेतील निरीश्वरवादी संघटनेने अणूची आकृती घेतली. तीत विज्ञान आहे, माणूस नाही. बॅरिंग्टन यांच्या आकृतीत कोणत्याही धर्मचिन्हावर काट मारलेली नाही. नकारापेक्षा स्वीकारावर दिलेला हा भर हेच तिचे खरे यश म्हटले पाहिजे.

तथापि दोन आक्षेप उरतात. पहिला लिपीचा. इंग्रजी, डच, जर्मन, नॉर्वेजियन या भाषांत मानवतावादवाचक शब्द ‘एच्’नेच सुरू होतो, म्हणून तेथे अक्षर आणि अर्थ यांचा मेळ बसतो. परंतु १९५२ साली ॲम्स्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारसरणीची भारतीय संघटनाही होती. ज्या मराठीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या पंडिताने हा विचार रुजविला, तीत ‘मानव’ शब्दाशी या अक्षराचा काहीच संबंध नाही. श्लेष लोपतो आणि उरते ती केवळ हात उंचावलेली आकृती. ती मात्र कोणासही कळते. किंबहुना अक्षर गळाल्यावरच ती अधिक सार्वत्रिक होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही आकृती एकट्याची आहे. रॉय यांच्या नवमानवतावादात व्यक्तीचे स्वातंत्र्य हे मूल्य आद्य असले, तरी विवेक व नीती यांवाचून ते उभे राहत नाही. येथे आनंद दिसतो, दुसरा माणूस दिसत नाही. शिवाय ‘मानवा’चे हे चित्र व्यापारचिन्हासारखे नोंदविलेले असून त्याच्या वापरास अनुमती लागते, ही विसंगतीही नजरेआड करता येत नाही, अर्थात व्यवहारात गैरवापर टाळण्यास दुसरा उपाय कोणता, हेही सांगणे कठीण.

२०१७ साली ब्रिटिश संस्थेने ‘ह्यूमॅनिस्ट्स यूके’ हे नाव घेतले, तेव्हा ही आकृतीही मुक्त, प्रवाही रेषेने नव्याने काढण्यात आली. तीत ‘एच्’ पुष्कळच पुसट झाला आहे. माणूस तेवढा ओळखू येतो.