हातपंप कुणाच्या वस्तीत?

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणीकडे कोलामांची वस्ती, म्हणजे पोड, मूळ गावापासून वेगळी असते. आरोग्याचा प्रश्न मी त्या अंतरावरून पाहतो. म्हणून रजनीकांत व मेबल आरोळे यांचे ‘जामखेड’ (१९९४) हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते.

नगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० साली हे काम सुरू झाले. गावच्याच, बहुतेक निरक्षर, स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. बाळंतपण, लसीकरण, हगवणीवरचा उपाय त्यांनी हाती घेतला. मला सर्वांत मोलाची वाटते ती पाण्याची हकीकत. हातपंप दलित वस्तीत बसविले गेले. १९२७ साली महाडला आम्ही पाण्याकडे चालत गेलो होतो. इथे सवर्णांना पाण्यासाठी आमच्या वस्तीत यावे लागले.

तरीही एक नकार नोंदवितो. जिने गाव बदलले तिचे बोलणे आपल्यापुढे डॉक्टरांच्या लेखणीतून, तेही इंग्रजीतून येते. पुढे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. तिलाही पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. गावकीच्या राबणुकीलाही एके काळी ‘मान’च म्हणत!

म्हणून पोडावर येणाऱ्या प्रत्येक संस्थेला कार्यकर्त्यांनी विचारावे: औषधे आणलीत, ठीक; पण हातपंप कुठे बसविणार, आणि राबणारीला दाम काय देणार?