‘अस्तु’ आणि मायेचा हिशेब

आज आपण एक चित्रपट बघणार आहोत, पण हातात एक अडचणीचा प्रश्न घेऊन. वडिलांना किंवा आईला अल्झायमर झाला, तर त्यांना कुणाच्या हाती द्यायचं, आणि त्याचे पैसे कुणी मोजायचे?

चित्रपट आहे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३). डॉ. चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे विद्वान. मोहन आगाशे यांनी त्यांचं विस्मरण कुठेही अतिरेक न करता उभं केलं आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून जरा बाजूला जाते, त्यांना हत्ती दिसतो, आणि ते त्याच्या मागे चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जवळ करते, लेकरासारखं खाऊ घालते. ते तिला आई मानू लागतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी रास्त होता.

चित्रपटाचं बळ इथे आहे. चन्नम्मा शास्त्रींना काही आठवायला लावत नाही, त्यांची चूक काढत नाही. समोर जसा माणूस आहे, तसा घेते. अशा आजारात वाद घालू नये, हे आपण शंभर माहितीपत्रकांतून वाचलं तरी इतकं पटणार नाही.

पण मंडळी, आपली तक्रारही इथेच आहे. चन्नम्माची माया थोड्या वेळाची, आणि फुकटची. आजार मात्र वर्षानुवर्षं चालतो. शिकल्यासवरल्या घराला जे जमत नाही ते एक गरीब बाई सहज करते, आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. हे आपल्याला जरा सोयीचं नाही का?

आता शेजारी ठेवू असगर फरहादी यांचा इराणी चित्रपट ‘अ सेपरेशन’ (२०११). तेहरानमधल्या नादेरची पत्नी घर सोडते, आणि अल्झायमर झालेल्या वडिलांसाठी तो राझिया नावाची बाई कामाला ठेवतो. ती गरोदर, लांबून येणारी, सोबत लहान मुलगी. पगार कमी आहे, हे ती बोलून दाखवते. म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात, तेव्हा परपुरुषाला स्वच्छ करणं पाप तर नाही ना, हे ती फोन करून विचारते. पुढे एक दिवस त्यांचा हात पलंगाला बांधून ती बाहेर जाते. नादेरचा संताप आपल्याला पटतो. पण फरहादी विचारायला लावतात: तेवढ्या पैशांत तू नक्की काय विकत घेतलं होतंस? एक थकलेली बाई, दिवसभर, एकटी.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्यांना ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आंघोळ, घास, रात्रीचा पहारा, हे कुठल्याच बिलात बसत नाही. तो खर्च घरच सोसतं. कुणी परदेशातून पैसे पाठवतं, कुणी, बहुधा मुलगी किंवा सून, नोकरी सोडतं. पहिल्याची रक्कम दिसते, दुसरीची मोजलीच जात नाही. भावंडांनी वहीत दोन्ही लिहायला हवं.

आणि केंद्र निवडायला जाल, तेव्हा बाग, खोल्या, भजनाचा कार्यक्रम हे सगळं नंतर. आधी विचारा, रात्री जागं कोण असतं? एका मावशीकडे किती रुग्ण? तिला साप्ताहिक सुट्टी आणि वेळेवर पगार मिळतो का? रुग्ण अंथरुणाला खिळला, की ठेवून घेणार की घरी धाडणार? मावशी थकली की काय होतं, ते राझियाने दाखवलंच आहे.

‘अस्तु’ आपल्याला माणसाशी कसं वागावं ते शिकवतो, आणि त्यासाठी तो पुन्हा पुन्हा बघावा. चन्नम्माला महिन्याला किती द्याल, हे विचारणारा मराठी चित्रपट मात्र आपल्याला अजून हवा आहे.