तात्पर्याआधी स्तुती

आपल्या धर्मग्रामांत मुलांच्या धर्मशिक्षणाचा विचार सुरू होतो तो बहुधा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीपासून. त्याआधीची वर्षे, म्हणजे साधारण तीन ते सहा या वयाची, आपण आईच्या मांडीवर, आजीच्या जपमाळेशेजारी आणि अलीकडे इंग्रजी बालवर्गाच्या हवाली केली आहेत. या वयासाठी मराठीत ख्रिस्ती वाङ्मय मुळीच नाही असे नव्हे. बायबलकथांच्या सचित्र पुस्तिका आहेत, हातवारे करून म्हणायची गाणी आहेत, रंगवायची चित्रे आहेत. मात्र या साऱ्याची वाङ्मय म्हणून चिकित्सा क्वचितच होते. ‘लहान मुलांसाठी आहे, चालायचेच’ असे म्हणून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्ही ती चिकित्सा करू इच्छितो. आमची कसोटी एकच आहे. ही कथा, हे गाणे, हा खेळ लेकराच्या तोंडून देवाची स्तुती बाहेर काढतो, की त्याच्या तोंडात केवळ धडा कोंबतो?

बिबवेवाडीसारख्या वस्तीत हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. नगर, संगमनेर, श्रीरामपूर या बाजूंनी पुण्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत आज तिसरी पिढी वाढत आहे. बिबवेवाडीच्या चढावरच्या एखाद्या इमारतीतले चार वर्षांचे मूल शाळेत इंग्रजी ऐकते, जिन्यात सवंगड्यांशी हिंदी बोलते आणि झोपताना आजीशी मराठी. हे मूल देवाशी कोणत्या भाषेत बोलणार? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कशासाठी बोलणार? मागण्यासाठी, भीतीपोटी, की केवळ आनंद झाला म्हणून? या वयात जे वळण पडते ते पुढे सहजी बदलत नाही.

प्रभूने मुलांना काय शिकवले?

मुलांना प्रभूकडे आणले असता शिष्यांनी दटावले, ही कथा संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. आपण ती शेकडो वेळा ऐकली आहे. तरीही एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. त्या बालकांना प्रभूने काहीच शिकवले नाही. त्यांना त्याने कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले, आशीर्वाद दिला. शिकवले ते शिष्यांना.

खेळाविषयीही पवित्र शास्त्र आपल्यापेक्षा उदार आहे. बाजारात बसून लग्नाचा आणि मयताचा खेळ खेळणारी, ‘आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत’ अशा अर्थाची तक्रार करणारी मुले प्रभूने पाहिली होती. त्या खेळाचा दाखला त्याने आपल्या पिढीला दिला. जखऱ्या संदेष्ट्याला यरुशलेमचे भाग्य उजळलेले दिसते ते कसे? काठी टेकीत बसलेली म्हातारी माणसे आणि रस्त्यांत खेळणारी मुलेमुली, असे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात तर सृष्टी घडत असताना प्रत्यक्ष ज्ञान देवासमोर आनंदाने बागडते. आणि मंदिरात ‘होसान्ना’ म्हणून ओरडणाऱ्या मुलांचा मुख्य याजकांना राग आला तेव्हा प्रभूने मुलांना गप्प केले नाही. आठव्या स्तोत्राची आठवण देऊन याजकांना गप्प केले. खेळ आणि स्तुती यांचे नाते आधुनिक शिक्षणशास्त्राने लावलेले नाही. ते शास्त्रातच आहे.

इसापाच्या सावलीत बायबल

मग आपल्या पुस्तिकांत ते का दिसत नाही? आमच्या मते याचे एक कारण वाङ्मयीन आहे. मराठी बालवाङ्मयाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला गेला तो बोधकथांवर. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली आणि गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ असलेच पाहिजे अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली. कोल्हा आणि द्राक्षे यांच्या बाबतीत ते शोभते, कारण ती गोष्ट तात्पर्यासाठीच रचलेली असते. बायबलमधील कथा तशी नाही. ती देवाने काय केले हे सांगते, आणि तिचे पहिले उत्तर ‘मी काय करावे’ हे नसून ‘देवा, तू किती थोर’ हे असते.

या सवयीमुळे कथांचे काय होते ते पाहावे. पाच भाकरी आणि दोन मासे देणाऱ्या मुलाची कथा ‘डबा वाटून खावा’ या तात्पर्यावर संपते. हजारो माणसे जेवून तृप्त झाली, बारा टोपल्या उरल्या, हा आश्चर्याचा गाभा बाजूला राहतो. जक्कय झाडावर चढतो, आणि तात्पर्य येते ‘खोटे बोलू नये’. हरवलेल्या मेंढराच्या कथेत तर मेंढरालाच दोष दिला जातो: आईचा हात सोडला की असे होते! प्रभूने सांगितलेल्या कथेत मेंढपाळ मेंढराला रागावत नाही. खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. आनंदाची कथा आपण धाकाची करून ठेवली आहे. घराघरांतून ऐकू येणारे ‘येशू रागावेल हं’ हे वाक्य याच तात्पर्याचे धाकटे भावंड आहे. चार वर्षांच्या मुलाला देव प्रथम भेटतो तो पहारेकरी म्हणून. मग मोठेपणी त्याने पहारा चुकवला तर नवल काय?

कथांची निवडही तपासली पाहिजे. नोहाचे तारू हे बालपुस्तकांचे लाडके चित्र आहे, कारण त्यात हत्ती, जिराफ, कबुतर आहे. पण तारवाबाहेर बुडालेल्यांचे काय, हा प्रश्न चुणचुणीत मूल विचारतेच. अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवले, दाविदाने गल्याथाचे मस्तक छाटले, या कथा पवित्र आहेत. पण पवित्र शास्त्रातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक वयाची नसते. त्यांना वाट पाहता येते.

शब्द मराठी, ठेका परका

गाण्यांची अवस्था याहून नाजूक आहे. बहुतेक हातवाऱ्यांची गाणी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून केलेली आहेत. चालीला आघात हवा तिथे मराठीत ऱ्हस्व अक्षर येते, मग ते ताणावे लागते. दीर्घ अक्षर घाईत गिळावे लागते. मूल ते पाठ करते, पण त्याची जीभ त्यात रमत नाही. आपल्या बडबडगीताचा ठेका त्याच्या अंगात असतो. भोंडल्याचा फेर, फुगडीची गिरकी त्याच्या पायांना ठाऊक असते. त्यांचा उपयोग आपण करीत नाही. शब्दही असे की ‘तारणारा’, ‘महिमा’, ‘पापविमोचन’. हे शब्द थोर आहेत, त्यांची वेळ येईल. पण चिमुकल्या तोंडात ते दातांखालच्या खड्यासारखे लागतात.

हे दुखणे जुने आहे आणि त्यावरचा उपायही जुनाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले तेव्हा त्यांनी परकी वृत्ते आणली नाहीत. जात्यावर आणि पाळण्याशी म्हटली जाणारी ओवी घेतली. १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे ते छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनांच्या वळणाने ख्रिस्तगीते रचली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पुणे जिल्ह्यातल्याच केडगावी पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ पर्यंत, बायबलच्या भाषांतराचे काम केले. साध्या बायाबापड्यांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. टिळक आणि रमाबाई कॅथलिक नव्हते, म्हणून त्यांचा वारसा आपला नाही असे कोणी म्हणू नये. मोठ्यांसाठी, शेतकऱ्यासाठी, निरक्षर स्त्रीसाठी ख्रिस्ती मराठी घडवले गेले. चार वर्षांच्या मुलासाठी ते त्याच तोलामोलाने घडवायचे काम अजून बाकी आहे.

बोर्डी आणि रोम

या कामात आपल्याला दोन ठिकाणांहून धडा घेता येईल. पहिले बोर्डी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मॉन्टेसरी पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती, पण तिची महागडी साधने त्यांनी खेड्यात नेली नाहीत. खडे, शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली; मूल येत नसेल तर शिक्षिकाच मुलांच्या अंगणात गेली. अनुताई वाघ यांनी हे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर चालवले. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द याच प्रयोगातून आला.

दुसरे रोम. स्वतः मारिया मॉन्टेसरी कॅथलिक होत्या आणि मुलांच्या मापाचे प्रार्थनागृह ही कल्पना त्यांनी बार्सेलोना येथे आजमावली होती. तो धागा पकडून १९५४ मध्ये शास्त्राभ्यासक सोफिया कावालेत्ती आणि शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी रोममध्ये ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ सुरू केले. मुलांसमोर लाकडी मेंढपाळ, मेंढरे आणि कुंपण ठेवायचे, कथा थोडक्यात सांगायची, मग मुलाने ती मेंढरे स्वतः हलवायची. त्यांचे निरीक्षण आपल्या विषयाचा कणा आहे. सहा वर्षांखालील मुलाला मोकळे सोडले तर त्याची प्रार्थना बहुतांशी स्तुतीची आणि आभाराची असते. मागणे नंतर येते. म्हणूनच नीतिबोधाचे दृष्टांत त्यांनी सहा वर्षांनंतरसाठी राखून ठेवले. आपला क्रम नेमका उलटा आहे.

बोर्डीची साधने आणि रोमची दृष्टी एकत्र आणणे बिबवेवाडीत अवघड नाही. मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत सांगायला चित्र कशाला हवे? शेजारच्या मार्केट यार्डातून पोत्यांनी मोहरी जाते-येते. घरात ती फोडणीत तडतडते. एक दाणा मुलाच्या तळहातावर ठेवावा आणि कुंडीत पेरू द्यावा. कोंब वर आला की मूल जे ‘अय्या!’ म्हणते, ती स्तुतीच होय. मेंढपाळ दाखवायचा तर तो शुभ्र झग्यातला, परदेशी हिरवळीवरचा का? दिवाळीनंतर पुणे जिल्ह्यातून कोकणाकडे उतरणारे धनगर, त्यांची घोंगडी, काठी आणि कडेवर घेतलेले कोकरू ही आपली चित्रे आहेत. हरवलेल्या नाण्याची कथा तर खेळच आहे: नाणे लपवावे, केरसुणी घ्यावी, शोधावे, आणि सापडले की साऱ्यांनी टाळ्या पिटाव्यात.

एकशे अठ्ठेचाळिसाव्या स्तोत्रात सूर्य, चंद्र, समुद्रातले प्राणी, गारा, फळझाडे, पाखरे, राजे, म्हातारे आणि मुले यांना एकेक करून स्तुतीला बोलावले आहे. मुलांना अशी यादी फार आवडते. फेर धरून प्रत्येकाने एक नाव घालावे, कावळा, पाऊस, आजी, शेजारची मनी, आणि सर्वांनी ‘देवा, तू छान केलेस’ म्हणावे. आपल्या लितानीचे बीज याहून वेगळे नाही.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, याने पावित्र्य जाईल. देवळात दंगा होईल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. खेळ म्हणजे गोंगाट नव्हे. मॉन्टेसरीबाईंच्या शाळेत शांततेचाही खेळ असे: मुले श्वास रोखून बसत आणि कुजबुजत घेतलेल्या आपल्या नावाची वाट पाहत. परमगुरूंच्या उपासना मंडळाने १९७३ मध्ये मुलांच्या मिस्सांविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिनेही गाणे आणि हालचालींबरोबर शांततेला जागा दिली आहे. उलट फुगे, बक्षिसे आणि चार वर्षांच्या मुलांच्या पाठांतर-स्पर्धा यांनाच आपण खेळ समजतो, तिथे आमचा विरोध आहे. ज्या खेळात एक जिंकतो आणि बाकीची रडत घरी जातात, त्यात स्तुती कसली?

दुसरा आक्षेप प्रार्थनांचा. ‘आमच्या बापा’ पाठ कधी होणार? होईल. परमगुरू संत दहावे पायस यांनी १९१० मध्ये पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे वय साधारण सात ठरवले. त्या वेळी मुलाला उत्तरे यावीत हे खरेच. पण उत्तराआधी प्रेम असावे लागते. आजीच्या शेजारी बसून, तिच्या ओठांकडे पाहत मूल प्रार्थना शिकते ते अर्थ कळून नव्हे. आजी कोणाशी तरी जिव्हाळ्याने बोलते आहे, हे कळून. शिकवण त्या जिव्हाळ्यावर बसते. नुसत्या पाठांतरावर ती टिकत नाही.

म्हणून आमचे मागणे दोघांकडे आहे. पालकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाला एक शास्त्रकथा मराठीत सांगावी, हातात काही वस्तू द्यावी, आणि शेवटी ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नये. मूल काय म्हणते ते ऐकावे. आणि या त्रैमासिकात लिहिणाऱ्या कवींनी, कथाकारांनी, धर्मभगिनींनी प्रौढांसाठी लिहिताना जो कस लावतात, तोच कस आठ ओळींच्या एका बालगीताला लावावा. त्यात एक पाखरू असावे, एक ठेका असावा, देवाचे नाव असावे, तात्पर्य नसावे. असे एक गीत बिबवेवाडीच्या जिन्यात मुलांच्या तोंडी बसले, तरी त्या मुलांना देवाशी बोलायला आजीची भाषा उरेल.