मधुबालाच्या हृदयाला छिद्र होतं

दर फेब्रुवारीत मधुबालाची रील्स येतात. १४ तारखेला जन्म, २३ला मृत्यू, म्हणजे अल्गोरिदमची सोयच. कृष्णधवल चेहरा, मागे उदास सतार आणि कॅप्शन ठरलेलं: दिलीपकुमार मिळाला नाही, हृदय तुटलं, ३६व्या वर्षी गेली.

तुटलं नव्हतं हो. त्याला जन्मापासून छिद्र होतं, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. अशा हृदयात प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त चुकीच्या बाजूला जातं आणि फुप्फुसांवरचा ताण वर्षानुवर्षं वाढत राहतो. १९५४च्या सुमारास मद्रासमध्ये 'बहुत दिन हुए'च्या शूटिंगदरम्यान तिच्या तोंडातून रक्त पडलं. त्याच १९५४ मध्ये अमेरिकेत वॉल्टन लिलेहाय यांनी एका मुलाचं असं छिद्र शस्त्रक्रियेने बुजवलं, तेही त्याच्या वडिलांचं रक्ताभिसरण त्याला जोडून. मधुबाला लंडनला पोहोचली १९६० मध्ये. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला.

मला या रील्सचा राग येतो, त्याला कारण आहे. माझंही छिद्र तिथेच होतं. सातव्या वर्षी ते बुजवलं. राहिला छातीवरचा उभा व्रण आणि काही सवयी. पीटीच्या तासाला मी सगळ्यांच्या चपला राखायची. जिन्याच्या पायऱ्या मोजायची. आई माझ्या ओठांचा रंग बघतेय हे तिच्याकडे न बघता मला कळायचं. पुढे स्थळं बघताना मावशी म्हणाली, "बंद गळ्याचाच घाल गं." आजार बरा झाला होता, पण तो लपवायचं काम संपलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ते मीच करत होते.

म्हणून 'मुघल-ए-आझम' मी वेगळ्या नजरेने बघते, आणि या नजरेवर माझा पूर्ण विश्वास नाही. आजार शोधायचाच म्हटलं की प्रत्येक उसासा पुरावा वाटू लागतो. तिचा तो हळू, श्वास सांभाळून टाकल्यासारखा संवाद अभिनय आहे की दम लागणं? अभिनयच असणार; तिला तिचं काम येत होतं. पण अनारकलीच्या अंगावरच्या साखळ्या खऱ्या लोखंडाच्या होत्या असं सांगतात, आणि तिची तब्येत इंडस्ट्रीपासून शक्य तितकी झाकून ठेवलेली होती. काम जाईल या भीतीने माणूस साखळ्याही उचलतो, हे मला पटतं.

शीशमहालातल्या गाण्याची एक गोष्ट मला कायम आठवते. अवघड गिरक्यांसाठी शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी मधुबालाच्या चेहऱ्याचा मुखवटा बनवला आणि तो लावून लक्ष्मीनारायण हा पुरुष नर्तक नाचला. याचा आजाराशी संबंध जोडायचा मोह मी आवरते, कथ्थक सगळ्यांना येत नाही. पण छताच्या शेकडो आरशांत आपण जिला बघतो, ती काही क्षण ती नसतेच. आपल्याला पत्ता लागत नाही. चेहरा तोच असला की आपल्याला पुरतं.

रीलवाल्यांचंही तेच होतं. प्रेमभंगाची गोष्ट सोपी, कारण त्यात कोणीतरी दोषी सापडतो: बाप, प्रियकर, नवरा. छिद्राला दोषी नसतो. त्यात असतो रोजचा हिशेब, आज किती चालायचं, कोणाला किती सांगायचं, हसताना धाप लागली तर कशावर ढकलायचं. 'चलती का नाम गाडी' बघा. तिथे ती खुदुखुदु हसते आणि पडद्यावर मरणाचा मागमूस नाही. त्या हसण्याला 'दुःख लपवणारं हसू' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आजारी माणसाला एखादी गोष्ट नुसतीच मजेशीर वाटू शकते.

लंडनहून ती दोन वर्षांची मुदत घेऊन परतली, असं सांगतात. जगली नऊ वर्षं, बरीचशी अंथरुणात. या नऊ वर्षांवर रील सापडत नाही. आणि १९६९ मध्ये, मृत्यूच्या अगदी अलीकडे, ती 'फर्ज और इश्क' नावाचा सिनेमा दिग्दर्शित करायची तयारी करत होती.