अंबरनाथची पांडवकथा व शके ९८२ चा लेख

अंबरनाथ येथील शिवालय पांडवांनीं एका रात्रींत बांधिलें. उजाडलें, आणि गाभाऱ्यावरील छत तसेंच राहिलें, अशी कथा त्या बाजूस अद्याप सांगतात. संशोधक ती ऐकून घेतो आणि देवळाच्या शिलालेखाकडे वळतो. शके ९८२ (इ. स. १०६०) च्या त्या लेखांत शिलाहार मुम्मुणीचें नांव असून त्याचा बंधु छित्तराज याच्या भवनाचा उल्लेख आहे. कथा खोटी ठरली, म्हणून तिचें टांचणही मग कोणी ठेवीत नाहीं. ही घाई आम्हांस मान्य नाहीं.

देवळाच्या कालनिर्णयास कथा निरुपयोगी, हें उघड आहे. पांडव, एक रात्र आणि पहांट ही सामग्री महाराष्ट्रांतील कितीएक देवळांना व लेण्यांना लाविलेली आढळते. ती वजा केली म्हणजे उरतें तें छत. पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत उभें राहिलें कीं वर आकाश दिसतें. कथेचा अंबरनाथी अंश या दृश्यांतून आला आहे. शिखर मागाहून ढासळलें असेल, तर कथेचें हें रूप त्या पडझडीनंतरचें. मुळांतच अपुरें राहिलें असेल, तर तें बरेंच जुनें असण्यास वाव आहे.

आतां कथेंतील विरोध पहा. शत्रु नाहीं, राक्षस नाहीं, शापही नाहीं. झुंज आहे ती काम आणि वेळ यांची, आणि जिंकते पहांट. पांडवांचें नांव घेऊन निघालेली कथा वीररसांत न संपतां हुरहुरींत संपते. लेखांत या विरोधास जागाच नाहीं. तेथें राजाचीं बिरुदें, अधिकाऱ्यांचीं नांवें. छित्तराजानें आरंभिलेलें काम मुम्मुणीनें तडीस नेलें, असा त्याचा अर्थ विद्वान् लावितात. म्हणजे एकाच इमारतीविषयीं एक साक्ष पूर्ततेची व दुसरी अपुरेपणाची. शिलाहार बंधूंचेच लोकांनीं पांडव केले, असा तर्क येथें मोह घालतो. पण त्यास आधार नाहीं.

अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे उतरून घेऊन १८९१ सालीं छापिले. पोथीची एक मात्रा सुटली तर हळहळणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं या कथेचे पाठभेदही तसेच टिपावे. शेजारीं १९४९ सालीं उल्हासनगर वसलें, पुढें बदलापुरापर्यंत वस्ती भिडली. जुने सांगणारे आतां शोधावे लागतात. महाशिवरात्रीच्या यात्रेंत ते भेटण्याचा संभव अधिक. सांगणारा छत ‘राहिलें’ म्हणतो कीं ‘पडलें’, हें क्रियापद मात्र त्याच्याच तोंडचें लिहून घ्यावें.