पीजचे प्रेक्षक आणि त्यांचा हक्क

गुजरातेतील खेडा जिल्ह्यात, पीज या गावी, 1975 साली अवघ्या एक किलोवॅट शक्तीचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या या प्रयोगात अस्पृश्यता, मजुरी, सावकारी हे विषय ग्रामस्थांच्याच बोलीत मांडले जात. दूध सोसायट्यांतील सार्वजनिक संचांभोवती गाव जमे. त्यांतील नाटिका बोधप्रधान होत्या हे मान्य. परंतु गावाला तेथे स्वतःचा चेहरा दिसे, हे यश थोडे नव्हे. 1984 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि 1985 मध्ये केंद्र बंद झाले! देवालय भक्तांमुळे नांदते. पण सनदेत त्यांचे नाव नसेल, तर दार लावताना त्यांना विचारतो कोण? पीजच्या प्रेक्षकांचे तेच झाले.